लांब चिमट्याला मैदान द्या, रस्ता नको

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझा भाचा त्याची यामाहा आरएक्स घेऊन घरी आला. गाडी अंगणात डबल स्टँडला लावली तेव्हाच मला वाटलं काहीतरी वेगळं दिसतंय, गाडी ओळखीची पण ढब वेगळी, मागचं चाक मडगार्ड सोडून बाहेर निघालेलं. "मामा, चिमटा वाढवलाय, चार इंच," तो म्हणाला आणि ज्या आनंदानं म्हणाला तो आनंद मला पुरता कळतो, कारण त्याच्या वयात माझाही जीव गाडीतच अडकलेला असायचा. कोल्हापुरात वाढलेल्या पोराला गाडीचा नाद नसेल तर नवल, १९९६ ला आरएक्स१०० बंद झाली तरी आमच्याकडं अजून तिचा आवाज आला की माना वळतात.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चिमटा म्हणजे स्विंगआर्म, गाडीची फ्रेम आणि मागचं चाक यांना जोडणारा भाग, चाक वरखाली होतं ते ह्याच्यावर. हा कापून मध्ये तुकडा घालायचा किंवा मागं बोल्टनी एक्स्टेंशन लावायचं, म्हणजे चाक मागं सरकतं आणि गाडी लांब होते. ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे उभ्या गाडीनं सुटून सरळ पट्ट्यावर थोडंच अंतर पळायच्या शर्यतीत, हे सर्रास करतात, अमेरिकेत तर सहा-आठ इंच लांब केलेल्या सुझुकीच्या दांडग्या हायाबुसा रस्त्यावरसुद्धा फिरतात, आणि आता आपल्याकडं रील बघून पोरं दोनशे सीसीच्या आत-बाहेरच्या गाड्यांना पण हे करून घ्यायला लागलीत. माझं म्हणणं सरळ आहे. लांब चिमट्याची गाडी रस्त्यावर नको म्हणजे नकोच, पण ती पळवायला सरकारनं मैदान द्यायला पाहिजे. ह्यातलं एकच करून चालणार नाही, आणि आपण सध्या फक्त अर्धंच करतोय, तेही धड नाही.

आधी हे करतात कशासाठी ते बघू. गाडी जोरात सुटली की पुढचं चाक उचलतं. ते किती जोर लावल्यावर उचलणार हे दोनच गोष्टींवर ठरतं, गाडी आणि चालवणारा मिळून जो गुरुत्वमध्य असतो तो जमिनीपासून किती वर आहे आणि मागच्या चाकाच्या टेकणाऱ्या जागेपासून किती पुढं आहे. हायाबुसाचं घ्या. दोन चाकांमधलं अंतर १४८० मिमी, वजन सुमारे २६५ किलो, १३४० सीसी. माणूस बसल्यावर गुरुत्वमध्य साधारण ६५ सेंमी वर आणि मागच्या चाकापासून ७० सेंमी पुढं धरला तर सत्तर भागिले पासष्ट, म्हणजे १.०८ जी (एक जी म्हणजे वरून सोडलेली वस्तू खाली पडताना जेवढी वेगवाढ घेते तेवढी) एवढ्या वेगवाढीला पुढचं चाक हवेत जाणार. त्याच्यापुढं इंजिनात कितीही ताकद असली तरी थ्रॉटल कमीच करावा लागतो, नाहीतर गाडी उलटी अंगावर. आता चाक १५ सेंमी मागं न्या, ८५ भागिले ६५, झालं १.३ जी. वरून गाडी थोडी खाली बसवली, गुरुत्वमध्य ५८ वर आणला, की जवळजवळ १.५ जी. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या शर्यतीत हा फरक म्हणजे जिंकणं आणि हरणं. त्यामुळं ड्रॅगवाले चिमटा वाढवतात त्यात वेडेपणा काही नाही, हिशोब आहे पक्का, आणि त्या हिशोबाबद्दल मला आदर आहे.

पण हा हिशोब कुठं लागू होतो ते कुणी बघत नाही. ड्रॅग स्ट्रिपवर सुटायच्या जागेला चिकट द्रव मारलेला असतो, वर रबराचा थर बसलेला असतो, रेसर आधी मागचं टायर जागेवर फिरवून गरम करतो, टायर स्लिक म्हणजे बिननक्षीचं, हवा कमी, म्हणजे टायर घसरायचा प्रश्न जवळजवळ संपलेला असतो आणि मग उरतो तो फक्त पुढचं चाक उचलायचा प्रश्न, त्याला उत्तर म्हणजे लांब चिमटा. आपल्या बायपासवर काय असतं? बारीक खडी, धूळ, उसाच्या ट्रॉलीतून पडलेला पाला, डिझेलचे थेंब. तिथं चाक उचलायच्या आधी टायर सुटतं. म्हणजे लांब चिमटा ज्या अडचणीवरचं औषध आहे ती अडचण रस्त्यावर येतच नाही. आणि माझ्या भाच्याच्या गाडीचं तर सोडूनच द्या, चार सेकंदात साठला जाणारी गाडी म्हणजे सरासरी ०.४२ जी, क्लच झटक्यात सोडला तर क्षणभर जास्त, तिला एक जीचं औषध कशाला पाहिजे? मी त्याला अंगणातल्या फरशीवर खडूनं हे गणित करून दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "पण मामा, ड्रॅगला सगळे वाढवतातच की."

वाढवतात. पण वाढवताना आणखी काय काय बदलावं लागतं ते मिस्त्री सांगत नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही. आरएक्सला मागं ड्रम ब्रेक, त्याचा रॉड वाढवावा लागतो, ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू न देणारा टॉर्क रॉड वाढवावा लागतो. भाच्याच्या गाडीचा ब्रेकचा रॉड मधोमध कापून सळीचा तुकडा घालून वेल्डिंग मारलेलं होतं. ज्या रॉडवर मागचा सगळा ब्रेक, तो जोडून लावलेला! चेनचं पिच अर्धा इंच, चाक चार इंच मागं गेलं की चेनला वर चार आणि खाली चार असे आठ इंच जादा लागतात म्हणजे सोळा कड्या, त्यानं नवीन अखंड चेन न घेता जुन्या चेनला दुसऱ्या चेनचा तुकडा जोडला होता, दोन ठिकाणी क्लिपचे चेनलॉक. आणि शॉकअप तिथल्या तिथंच. हे सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं, शॉकअपची जागा तीच ठेवून चिमटा ५० सेंमीचा ६० केला तर चाकापाशी स्प्रिंगचा जोर नुसता कमी होत नाही, वर्गात कमी होतो, पन्नास भागिले साठचा वर्ग म्हणजे ०.६९, तीस टक्क्यांनी स्प्रिंग मऊ. मागं कुणी बसलं आणि खड्डा आला की शॉकअप तळाला आपटतो, आणि तो धक्का थेट जातो कुठं, तर वेल्डिंगच्या जोडावर.

मी वीस वर्षं शिरोलीला फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहे, जोड दिसला की माझा हात आपोआप खिशातल्या टॉर्चकडं जातो. चिमट्यावर जोड दिसतच नव्हता. ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेला, वर लांबी (पुट्टी) भरलेली आणि काळा रंग. बघायला सुंदर, अगदी कंपनीतून आल्यासारखा. आणि मला नेमकं हेच खटकलं. वेल्डिंगचा फुगवटा घासून काढला की जोडाचं मटेरियलच कमी होतं, आणि लांबी भरायची गरज पडली याचा अर्थ खाली खड्डे असणार.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून भेगा शोधायच्या डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्टचे तीन कॅन आणले. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, आधी रंग-लांबी खरवडून क्लीनरनं धातू पुसायचा, मग लाल रंगाचं पेनेट्रंट मारायचं, ते पातळ असतं, डोळ्याला न दिसणाऱ्या भेगेतसुद्धा शिरतं. दहा मिनिटं थांबायचं, वरचा लाल रंग कापडानं स्वच्छ पुसून घ्यायचा, मग पांढरा डेव्हलपर मारायचा. तो वाळला की पांढऱ्या खडूसारखा थर बसतो आणि भेगेत राहिलेला लाल रंग त्या थरात वर येतो. आम्ही दोघं अंगणात उकिडवे बसून बघत होतो. मिनिटभर काहीच नाही. मग चिमट्याच्या उजव्या पायाच्या आतल्या बाजूला, जोडाच्या कडेनं, केसासारखी लाल रेघ उमटायला लागली, आधी नखाएवढी, मग हळूहळू जोडाच्या खालच्या अंगानं वळत गेली, आणि बघता बघता कडेनं पसरून जाड झाली, म्हणजे भेग नुसती वरवरची नव्हती. सव्वा इंच. गाडी तशी होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. पोरगं काही बोललं नाही, नुसतं त्या रेघेवर बोट ठेवून बसलं, बोटाला लाल लागलं तरी तसंच.

ही भेग ऐंशीच्या स्पीडला उघडली असती तर काय, हे मला लिहायचं नाही, ज्यानं त्यानं डोळ्यापुढं आणावं.

कुणी म्हणेल मिस्त्री वाईट होता, चांगल्याकडून करून घेतलं तर? चांगलं काम होतं, नक्की होतं. अल्युमिनियमचा चिमटा असेल तर आर्गन वेल्डिंग, आणि त्याच्यानंतर परत हीट ट्रीटमेंट, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाशेजारचं अल्युमिनियम मऊ पडतं आणि ती गेलेली ताकद नुसतं थंड करून परत येत नाही. त्यापेक्षा अख्खा नवीन चिमटाच तयार घेतलेला बरा. जोड शंभर टक्के चांगला आहे असं धरून चालू, तरीसुद्धा लांब गाडी रस्त्याला बरी नाही, आणि ह्याचं कारण परत त्याच गणितात आहे. चाक मागं नेलं की गुरुत्वमध्य जवळजवळ होता तिथंच राहतो, म्हणजे उभ्या गाडीचं वजन पुढच्या चाकाकडं सरकतं. हायाबुसा आणि माणूस मिळून ३४० किलो धरा, आधी मागच्या चाकावर सुमारे १७९ किलो होतं, पंधरा सेंमी वाढवल्यावर सुमारे १६३. सोळा किलो गेले. स्ट्रिपवर पूर्ण थ्रॉटलला सगळं वजन मागंच येतं त्यामुळं हे सोळा किलो कुणाला आठवत पण नाहीत. पण पहिल्या पावसात, तावडे हॉटेलच्या चौकात, हलक्या थ्रॉटलवर वळताना वजन मागं ढकलणारं काही नसतं, तिथं नेमके तेच सोळा किलो टायरखालून गेलेले असतात. वळायला जागा पण जास्त लागते, अंतर दहा टक्क्यांनी वाढलं की तेवढंच हँडल वळवून होणारा गोल पण दहा टक्क्यांनी मोठा. आणि स्पीडब्रेकर! इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानं ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंमी उंच पाहिजे, असा ब्रेकर आपल्या गल्लीत कुठं आहे मला दाखवा. आपल्याकडं हातभर रुंदीचे डोंगर असतात, लांब आणि खाली बसवलेली गाडी त्यावर पोटावर टेकते, मग पोरं ब्रेकर चुकवायला रस्त्याच्या कडेच्या फटीतून गाडी काढतात, जिथून बाया-माणसं चालत असतात. माझा जीव माझा धोका असं म्हणणाऱ्यांनी ह्या फटीचा विचार करावा.

कायद्याचं बोलायचं तर तो स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसी बुकातले तपशील कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळ हायकोर्टाचा निकाल फिरवून हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं, परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मला हे योग्य वाटतं. निदान चिमट्यासारख्या भागाबाबत तरी शंभर टक्के योग्य वाटतं. पण अंमलबजावणी कशी होते? नाक्यावर सायलेन्सरचा आवाज आला की गाडी अडवतात, सायलेन्सर रोडरोलरखाली घालून फोटो निघतात, आणि त्याच गाडीचा वाढवलेला चिमटा, जोडलेला ब्रेक रॉड कुणी वाकून बघत नाही. आवाजानं कान दुखतो, चिमट्यानं माणूस मरतो. तपासायचं असेल तर आधी खाली वाकून बघा, एवढं तरी ट्रॅफिकवाल्यांकडून अपेक्षित आहे.

आणि आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण हे कलम नीट वाचा, त्यात शब्द आहेत "राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय". म्हणजे संमती देता येते हे कायद्यानंच गृहीत धरलंय. दार आहे, फक्त आपण ते उघडत नाही. माझ्या भाच्याला त्याची गाडी कायदेशीर पळवायची असेल तर त्यानं जायचं कुठं? लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन नावाच्या ड्रॅग स्पर्धा झाल्यात, उत्तम झाल्यात, पण ती आठवड्याला जाऊन गाडी पळवायची जागा नव्हे. राष्ट्रीय ड्रॅग चॅम्पियनशिपच्या फेऱ्या चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर होतात, बंगळुरूच्या हेमंत मुद्दप्पानं तिथं किती वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलंय, आमची पोरं त्याचे व्हिडिओ तोंडपाठ करतात. कोल्हापूरहून तो ट्रॅक नऊशे किलोमीटरच्या आसपास. कॉलेजचं पोरगं टेम्पोत गाडी टाकून तिथं जाणार? ते रात्री एक वाजता हायवेच्या सर्व्हिस रोडला जाणार, कारण तो दहा मिनिटांवर आहे.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर अगदी हेच चाललं होतं. पोरं गाड्या कापून-जोडून रस्त्यावर पळवायची, माणसं मरायची, पेपरात बोंब. तिथं १९५० ला कॅलिफोर्नियात सांता आनाच्या विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन रीतसर ड्रॅग सुरू झालं, १९५१ ला वॉली पार्क्स यांनी एनएचआरए ही ड्रॅग रेसिंगची संघटना काढली, १९५३ ला पोमोनाला पोलिसांच्या पाठिंब्यानं त्यांची पहिली अधिकृत स्पर्धा झाली, आणि पुढच्या वर्षी त्यांची माणसं गाडी-ट्रेलर घेऊन देशभर फिरून गावोगावच्या क्लबांना स्ट्रिप कशी चालवायची, गाडी कशी तपासायची हे शिकवत होती. आज त्याच एनएचआरएच्या प्रो स्टॉक मोटरसायकली पाव मैल सात सेकंदांच्या आत कापतात, ताशी तीनशेवीसच्या आसपास, लांबलचक गाड्या, मागं व्हीली बार, म्हणजे पुढचं चाक उचललं तरी गाडी उलटू न देणारी दांडी. तिकडं रस्त्यावरची शर्यत संपली असं मी म्हणत नाही, संपलेली नाही. पण ज्याला खरंच टायमिंग काढायचंय त्याला जायला जागा आहे, आणि त्या जागेच्या दारात कुणीतरी त्याचा चिमटा तपासतं. हे दारातलं तपासणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, स्ट्रिप नसेल तर ती तपासणी कधीच होत नाही.

लांब कशाला जा, आपल्याच बैलगाडी शर्यतीचं बघा. २०१४ ला बंदी आली, म्हणून शर्यती थांबल्या का? पहाटे, आडरानात, पोलिस यायच्या आत होतच होत्या, आणि चोरून असल्यामुळं ना डॉक्टर ना नियम. २०१७ ला राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ ला कोर्टानं अटींवर परवानगी दिली, मे २०२३ ला घटनापीठानं दुरुस्ती कायम ठेवली. आता कलेक्टरची परवानगी काढून, बैलाची डॉक्टरी तपासणी करून उजेडात मैदान भरतं. अटी सगळीकडं पाळतात असं नाही, पण विचारायला निदान कुणीतरी जबाबदार असतो. त्या मैदानासाठी आमदार, खासदार, गावच्या गावं रस्त्यावर उतरली होती. गाडीच्या नादाला पण एवढं नाही तर निदान एक अर्ज ऐकून घ्यायला माणूस तरी मिळायला पाहिजे ना.

जागा नाही असं म्हणू नका. धाराशिव, यवतमाळ इथं धावपट्ट्या आहेत आणि नियमित प्रवासी विमानसेवा नाही. एमआयडीसीत रविवारी रिकामे पडणारे सरळ रस्ते आहेत. चारशे मीटर पळायला आणि तेवढंच किंवा त्याहून जास्त थांबायला, बाजूला बॅरिकेड, एक कार्डियाक अँब्युलन्स, आग विझवायची सोय, टायमिंगची यंत्रणा, आणि एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या नियमानं चालवणारा क्लब, महिन्यातून एक रविवार. प्रवेश फी परवडेल अशी, कारण ती पाच-दहा हजार ठेवली तर परत हायाबुसावालेच येणार आणि आरएक्सवाला सर्व्हिस रोडलाच राहणार. दारात हेल्मेट, लेदर, चेन गार्ड, ब्रेक आणि जोडांची तपासणी, शंका आली तर डीपी, नापास झाली तर गाडी टेम्पोत परत. आणि लांब चिमट्याची गाडी मैदानापर्यंत टेम्पोतूनच आली पाहिजे, चालवत आली तर दारातच पावती फाडा. ह्यानं शौकाला उत्तेजन मिळेल असं काही जण म्हणतात. मिळू दे. शौक आधीच आहे, वाढवायची गरज नाही, त्याला उजेडात आणायची गरज आहे, आणि इथल्या लेथवर, फाउंड्रीत काम करणाऱ्या पोरांच्या हातात जी कला आहे ती चोरून केलेल्या जोडात वाया जातेय, तिला दर्जा यायचा असेल तर तिची परीक्षा घेणारं कुणीतरी पाहिजे.

भाच्याच्या गाडीला आम्ही मूळ मापाचा चिमटा शोधून बसवला, रविवार पेठेतल्या एका जुन्या गॅरेजात माळ्यावर पडलेला, बुश नवीन घातले, ब्रेक रॉड नवीन, चेन अखंड. भेग पडलेला चिमटा त्याला टाकून द्यायला सांगितला तर त्यानं तो पोत्यात गुंडाळून ठेवलाय. मध्यंतरी तो आयटीआयला वेल्डिंगच्या कोर्सला लागला, गेल्या महिन्यात त्यानं पाइपचे दोन तुकडे जोडून माझ्याकडं आणले, न घासलेले, वर रंग नाही, आणि म्हणाला, "मामा, डीपी मारून बघा." एका जोडाला सुरुवातीच्या टोकाला दोन लाल ठिपके आले, दुसरा जोड स्वच्छ पांढरा राहिला. मग त्यानं विचारलं की आपल्याकडं ड्रॅगचं मैदान कधी होणार, मी म्हटलं अर्ज करू, तू लिही, मी सही करतो. कलेक्टर ऑफिसला दिलेल्या त्या अर्जाची पोच माझ्याकडं आहे, उत्तर अजून आलेलं नाही.